रुग्णाशेजारचा माणूस : पॅरामेडिक या पेशाचा पूर्वेतिहास

रुग्णवाहिकेचा इतिहास बहुधा वाहनाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. घोडागाडी, विजेवर चालणारी गाडी, मोटार, हेलिकॉप्टर असा तो क्रम सहज लावता येतो आणि प्रत्येक टप्प्यावर कोणा ना कोणा शल्यविशारदाचे वा शोधकाचे नावही सापडते. गाडीत रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा इतिहास मात्र फार तोकडा आहे, कारण त्या जागी बसणाऱ्याकडून उचलणे आणि पोहोचवणे यापलीकडे दीर्घकाळ काही अपेक्षितच नव्हते आणि पुष्कळदा ती जागा रिकामीच असे. डॉक्टर नसूनही हृदयाला विजेचा झटका देणे, शिरेतून औषध देणे, श्वासनलिकेत नळी घालणे ही कामे घटनास्थळी करण्याचे प्रशिक्षण आणि अधिकार ज्याच्यापाशी आहेत, अशा कर्मचाऱ्याला आज पॅरामेडिक म्हणतात. तो जगाच्या रंगभूमीवर आला १९६० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे वाहन सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षे उलटल्यावर. या विलंबाचे कारण केवळ तंत्रज्ञानात शोधले तर ते अर्धेच हाती लागते. उरलेले अर्धे उपचाराचा हक्क कोणाचा या वादात आहे, आणि तो वाद निरनिराळ्या देशांनी आपापल्या समाजरचनेप्रमाणे मिटवला, लांबवला किंवा सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

आरंभ युद्धभूमीवरचा आहे. फ्रान्सच्या ऱ्हाईन सेनेत १७९२ साली रुजू झालेला तरुण शल्यविशारद दोमिनिक झां लारे याला असे आढळले की सैन्याच्या नियमानुसार जखमींसाठीच्या गाड्या आघाडीपासून एक फ्रेंच कोस मागे थांबत, लढाई संपल्यावरच पुढे येत, आणि तोवर एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ जखमी जिथल्या तिथे पडून राहत. घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा ज्या चपळाईने जागा बदलत, त्या चपळाईने शल्यविशारदही हलू शकले पाहिजेत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्यातून त्याने ‘उडती रुग्णवाहिका’ उभी केली. तिचे वर्णन त्याच्या आठवणींत बारकाईने आलेले आहे. दोन चाकांची, दोन घोड्यांची ती गाडी लांबट पेटीसारखी असून वरून गोलाकार होती. दोन्ही बाजूंना लहान खिडक्या आणि पुढे-मागे उघडणारी दारे होती. आणि तळाची फळी सुटी होती, जी चार छोट्या रुळांवरून सरकत बाहेर येई. त्या फळीवर चामड्याने मढवलेली गादी व उशी असे आणि तिला लोखंडी कड्या असत, म्हणजे जखमीला न हिंदकळवता फळीसकट उचलून आत सारता येई. आजच्या रुग्णवाहिकेतील सरकते स्ट्रेचर हे याच फळीचे वंशज होय.

लारेचे दुसरे योगदान विचारातले आहे. जखमींचा क्रम त्यांच्या हुद्द्यावरून नव्हे, तर जखमेच्या गांभीर्यावरून लावायचा, मग तो साधा शिपाई असो की शत्रूचा सैनिक, हा दंडक त्याने घातला. आणीबाणीच्या वैद्यकात आज ज्याला ‘ट्रायाज’ म्हणजे निकडीनुसार रुग्णांची वर्गवारी म्हणतात, तिचे मूळ इथे आहे. तिसरी बाब मात्र सहसा नजरेतून सुटते. लारेच्या व्यवस्थेत गाडीबरोबर स्वतः शल्यविशारद जात असत. रुग्णाला डॉक्टरकडे न्यायचे की डॉक्टरला रुग्णाकडे, या प्रश्नाचे फ्रान्सने दिलेले उत्तर तेव्हाच ठरले होते आणि ते आजतागायत फारसे बदललेले नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात जोनाथन लेटरमन याने १८६२ साली पोटोमॅक सेनेत स्वतंत्र रुग्णवाहक दल उभारले, त्यामागचा विचार वेगळा होता. तोवर गाड्या रसदखात्याच्या ताब्यात असत आणि हाकणारे बव्हंशी भाडोत्री नागरी गाडीवान असल्यामुळे तोफा सुरू झाल्या की पुष्कळ जण पळ काढत. लेटरमनने गाड्या, घोडे आणि माणसे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली आणली, माणसांना उचलण्याची कवायत शिकवली आणि त्यांना हेच एक काम नेमून दिले. इथे प्रथमच रुग्ण वाहून नेणे हे शिकावे लागणारे काम ठरले, पण अजून ते उपचाराचे काम नव्हते.

वाहून नेणाऱ्यांचे खांदे समाजाच्या कोणत्या थरातून यावेत, याचे उदाहरण भारतीय वाचकाला दक्षिण आफ्रिकेत सापडते. इंग्रजांच्या हिंदुस्थानातील सैन्यात जखमींना डोलीतून नेण्याचे काम कहार आणि भोई यांच्याकडेच असे. डिसेंबर १८९९ मध्ये बोअर युद्धाच्या वेळी मोहनदास गांधी यांच्या पुढाकाराने नाताळमध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय रुग्णवाहक पथकात सुमारे ११०० माणसे होती, त्यांतली तीनशेच्या आसपास स्वतंत्र भारतीय आणि बाकीचे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर होते. ख्रिस्ती वैद्यकीय मिशनच्या डॉ. बूथ यांनी त्यांना शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण दिले होते. स्पिऑन कॉपच्या लढाईत या पथकाने गोळीबाराच्या टप्प्यात जाऊन जखमी उचलले आणि स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दिवसाला वीस ते पंचवीस मैलांची चाल केली, असे गांधींनी नमूद केले आहे. ज्यांना बंदूक हाती घेण्यास पात्र मानले जात नव्हते त्यांच्या खांद्यावर सेनापतीचे स्ट्रेचर द्यायला कोणाची हरकत नव्हती. खांदे खालून यावेत आणि अधिकार वरच राहावा, ही विभागणी या पेशाच्या इतिहासात पुढेही दिसत राहते.

नागरी रुग्णवाहिकेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळसे धरले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ साली, यादवी युद्धातील अनुभव गाठीशी असलेल्या डॉ. एडवर्ड डाल्टन यांच्या देखरेखीखाली घोडागाड्यांची सेवा सुरू केली. तार येताच घोडे अर्ध्या-एक मिनिटात जुंपले जात, आणि गाडीवानाच्या आसनाखालच्या पेटीत ब्रँडीची बाटली, रक्तस्राव थांबवण्याचे आवळपट्टे, बँडेज, स्पंज, मोडलेल्या हाडाला आधार देण्याच्या पट्ट्या आणि घोंगड्या असत. मागे रुग्णालयाचा नवशिका डॉक्टर बसे. त्याचे ज्ञान बेताचे असले तरी तो डॉक्टर होता. व्हिएन्नात यासाठी एक महासंहार घडावा लागला. ८ डिसेंबर १८८१ रोजी तेथील रिंगथिएटर नाट्यगृहाला प्रयोगाच्या वेळी आग लागली, आत कोणी उरले नाही असा चुकीचा निर्वाळा बाहेरच्या पोलीस अधिकाऱ्याने दिला आणि अधिकृत आकड्यानुसार ३८४ माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी यारोमिर मुंडी या लष्करी पार्श्वभूमीच्या वैद्याने दोन सरदारांच्या साहाय्याने स्वयंसेवी बचाव संस्था स्थापन केली, जिचे अनुकरण पुढे युरोपातील अनेक शहरांनी केले. इंग्लंडमध्ये १८७७ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनने आणखी एक वाट उघडली. पोलीस, रेल्वे कामगार, खाणकामगार अशा सामान्यांना प्रथमोपचार शिकवण्याचे वर्ग तिने काढले, आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर ते वर्ग हिंदुस्थानातही आले. प्रथमोपचाराची मर्यादा मात्र काटेकोरपणे आखलेली होती: डॉक्टर येईपर्यंत जेवढे जमेल तेवढेच, त्याहून अधिक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला इतिहास उलट्या दिशेने गेला, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण वैद्यकाचा इतिहास सतत चढत्या भाजणीचा असतो अशी एक समजूत रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांची टंचाई निर्माण झाल्यावर अमेरिकेतील रुग्णालयांनी गाड्यांवरचे आपले डॉक्टर काढून घेतले आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा बसवले नाहीत. मोकळी झालेली जागा पोलीस, अग्निशमन दले आणि अंत्यविधीचा व्यवसाय करणारे यांनी भरली. या तिसऱ्या वर्गाचे नाव ऐकून आश्चर्य वाटेल, पण कारण साधे होते: माणसाला पूर्ण आडवे निजवता येईल एवढे लांब वाहन गावात शववाहिका हेच एक असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली अपघाती मृत्यू व अपंगत्वावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात म्हटले होते की देशातील रुग्णवाहिका सेवांपैकी सुमारे निम्म्या १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवतात. आदल्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, अपघातांत १,०७,००० माणसे मेल्याचा आकडाही त्याच अहवालात होता, आणि युद्धभूमीवर जखमी झालेल्या सैनिकाला वाचण्याची संधी शहरातल्या रस्त्यावर पडलेल्या नागरिकापेक्षा अधिक असते हे अनुभवी लष्करी वैद्यांचे मतही त्यात नोंदवले होते.

१९६६ मध्येच अटलांटिकच्या पलीकडे, बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात, डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी वेगळ्या प्रश्नाला हात घातला. हृदयविकाराचा झटका आलेल्यांपैकी दगावणारे बरेचसे पहिल्या तासाभरात, म्हणजे रुग्णालयाचा उंबरा ओलांडण्याआधीच दगावतात, आणि त्यांतील पुष्कळांचे हृदय बंद पडलेले नसून ताल सोडून नुसते थरथरत असते, हे तोवर माहीत झाले होते. ही थरथर विजेच्या झटक्याने थांबवणारे यंत्र, डिफिब्रिलेटर, रुग्णालयातील भिंतीच्या विजेवर चाले. पँट्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या बॅटऱ्या जोडून ते फिरते केले, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७० किलो भरले. पुढे त्यांनीच ते तीन-साडेतीन किलोवर आणले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेला हा तऱ्हेवाईक आणि फटकळ माणूस बेलफास्टमध्ये जे सिद्ध करत होता त्यावर लंडनमधील पुष्कळ हृदयरोगतज्ज्ञांचा बराच काळ विश्वास बसला नाही. तरीही पँट्रिज यांच्या गाडीत जात ते डॉक्टर आणि परिचारिका. उपचार घरापर्यंत पोहोचला होता, उपचाराचा हक्क मात्र रुग्णालयाचाच राहिला होता.

तो हक्क रुग्णालयाच्या बाहेर प्रथम कोणाच्या हाती गेला, याचे उत्तर पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत आहे, आणि अमेरिकेच्या वैद्यकीय इतिहासाने ते बराच काळ पुरेशा आवाजात सांगितले नाही. ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती. १९५० च्या दशकात शहराच्या नूतनीकरणाच्या नावाखाली तिचा मोठा भाग पाडून क्रीडागृह उभारले गेले आणि हजारो रहिवाशांना हलावे लागले. मागे राहिलेल्यांत बेकारी भरपूर होती. पिट्सबर्गमध्ये आजारी माणसाला उचलण्याचे काम पोलिसांकडे होते. कैदी नेण्याची बंद गाडी दाराशी येई, दोन शिपाई रुग्णाला कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर घालून मागच्या भागात सरकवत, दार लावत, आणि दोघेही पुढे जाऊन बसत. वाटेत रुग्णाचा श्वास थांबला तर ते रुग्णालयाच्या दारातच कळे. पोलिसांशी आधीच वैर असलेल्या या वस्तीत लोक ती गाडी बोलवायलाच कचरत. अर्थात ही गत केवळ गरिबांची नव्हती, कारण नोव्हेंबर १९६६ मध्ये एका सभेत कोसळलेले माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स यांनाही अशाच गाडीतून नेण्यात आले, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली होती.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. पीटर साफर होते. मुंडीच्याच व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेल्या या भूलतज्ज्ञाने १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये केलेले प्रयोग आज कोणत्याही नीतिसमितीने मान्य केले नसते. स्वयंसेवकांना गुंगीचे आणि स्नायू पूर्ण लुळे पाडणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला जाई आणि मग इतरांकडून त्यांना तोंडाने श्वास दिला जाई. हात वरखाली करून वा पाठ दाबून श्वास चालू ठेवण्याच्या जुन्या पद्धती कुचकामी आहेत, कारण मागे पडलेली जीभच वाट अडवते, आणि डोके मागे कलवून तोंडाने दिलेला श्वास पुरेसा होतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण या लेखाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही की श्वास देणाऱ्यांत वैद्यकाचा गंध नसलेली साधी माणसेही होती आणि त्यांनाही ते व्यवस्थित जमले. छातीवर दाब देऊन हृदय चालवण्याच्या, १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तंत्राशी हा श्वास जोडला गेला आणि सीपीआर ही प्रक्रिया तयार झाली. जीव वाचवण्याचे काही भाग पदवीवाचून शिकवता येतात ही साफर यांची खात्री त्या प्रयोगांतून आलेली होती, आणि १९६६ मध्येच त्यांची स्वतःची कन्या दम्याच्या तीव्र झटक्यात, वेळेवर मदत न मिळाल्यामुळे दगावली होती.

हिल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस ही कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून देणारी संस्था होती, जी वस्तीत गाडीवरून ताजा भाजीपालाही विके. मॉरिस फाल्क मेडिकल फंड या न्यासाचे प्रमुख फिल हॅलन यांनी ही संस्था आणि साफर यांची गाठ घालून दिली. १९६७ साली प्रशिक्षणासाठी जी माणसे निवडली गेली त्यांत शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले, व्हिएतनामहून परतलेले, क्वचित पोलिसांत नोंद असलेले असे तरुण होते. शहराच्या लेखी ते ‘रोजगारास अपात्र’ होते. साफर यांनी त्यांच्यासाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम आखला. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांपाशी फार तर रेड क्रॉसच्या प्रथमोपचाराचे काही तासांचे प्रमाणपत्र असे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. शरीररचना, शरीरक्रिया, सीपीआर, परिचर्या, सुरक्षित वाहनचालन हे विषय तर होतेच, शिवाय शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि शवागार येथे प्रत्यक्ष कामही होते. गाडीची मांडणीही साफर यांनी नव्याने केली. रुग्णाच्या डोक्यामागे एका माणसाला बसून श्वासमार्ग सांभाळता येईल एवढी जागा त्यांनी ठेवायला लावली. वाहनाच्या इतिहासात ही बाब किरकोळ वाटेल, पण माणसाच्या इतिहासात ती निर्णायक आहे, कारण तोवर त्या जागेची कोणाला गरजच वाटली नव्हती.

सेवा १९६८ मध्ये सुरू झाली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींच्या वर्षात. पुढच्या सात वर्षांत फ्रीडम हाउसच्या माणसांनी घराघरांत जाऊन हृदयविकार, दमा, अपस्मार, बाळंतपण, गोळीबार, अमली पदार्थांचा अतिरेक असे सारे हाताळले, आणि रुग्णालयातील डॉक्टर, जे आरंभी त्यांना सफाई कामगार समजत, त्यांच्या नोंदींवर विसंबू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या गाडीतून स्वतः फिरत, रात्री-बेरात्री रेडिओवर उपलब्ध असत आणि प्रत्येक खेपेचा हिशेब दुसऱ्या दिवशी मागत. याच अनुभवावर त्यांनी पॅरामेडिकांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले आणि केंद्र सरकारच्या परिवहन खात्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला. तो अभ्यासक्रम देशभर जाण्याच्या सुमारास ज्यांच्यावर तो घडला त्यांची संस्था मात्र संपली. महापौर पीट फ्लाहर्टी यांच्या प्रशासनाने १९७५ साली शहराची स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउसचा करार थांबवला. कॅरोलाइन यांच्या आग्रहामुळे माणसे सामावून घेण्यात आली खरी, पण नव्या परीक्षा, जुन्या पोलीस नोंदींची आडकाठी आणि अनुभवी माणसाला दुय्यम काम देणे अशा मार्गांनी त्यांतील पुष्कळांना काही वर्षांत बाहेर पडावे लागले. नवी सेवा प्रामुख्याने गोऱ्यांची झाली. कौशल्य सर्वमान्य झाले की ते ज्यांनी मिळवले त्यांच्या हातून काढून घेतले जाते, याचे याहून स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

अमेरिकेत इतरत्र हे काम अग्निशमन दलांकडे गेले. मायामीत डॉ. यूजीन नेगेल यांनी अग्निशमन जवानांना प्रशिक्षण दिले, पण डॉक्टरच्या अनुपस्थितीत जवानाने औषध टोचणे कायद्यात बसेना. म्हणून हृदयाचा आलेख रेडिओवरून रुग्णालयात पाठवण्याची यंत्रणा त्यांनी उभारली, जिच्यायोगे डॉक्टर दूर बसून आदेश देऊ शकले. या यंत्रणेचे वैद्यकीय महत्त्व होतेच, पण डॉक्टरच्या अधिकाराची सावली घटनास्थळापर्यंत लांबवणे हा तिचा उपयोग त्याहून मोठा होता असे म्हणावे लागते. कॅलिफोर्नियाने १९७० साली कायदाच करून पॅरामेडिकांना मान्यता दिली. त्याच वर्षी सिएटलमध्ये डॉ. लिओनार्ड कॉब यांनी अग्निशमन दलाबरोबर ‘मेडिक वन’ सुरू केले आणि लगोलग सामान्य नागरिकांनाही सीपीआर शिकवण्याची मोहीम हाती घेतली, कारण गाडी कितीही वेगाने धावली तरी पहिली चार-पाच मिनिटे शेजाऱ्याच्याच हातात असतात. १९७२ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘इमर्जन्सी!’ या मालिकेने लॉस एंजेलिसच्या पॅरामेडिकांना घरोघरी नेले. हिल डिस्ट्रिक्टची मालिका कोणी काढली नाही.

फ्रान्सने लारेची वाट सोडली नाही. १९६० च्या दशकात माँपेलिये येथे लुई सेर आणि तुलूझ येथे लुई लारांग यांनी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागालाच चाके लावण्याची कल्पना राबवली आणि तीतून सामू ही तातडीच्या वैद्यकीय मदतीची सेवा उभी राहिली, जिला १९८६ च्या कायद्याने पक्के रूप दिले. १५ हा क्रमांक फिरवला की अखेरीस डॉक्टर बोलतो, काय पाठवायचे ते ठरवतो, आणि प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर असलेले पथक जाते व जागेवरच उपचार करून मग रुग्णाला हलवते. जर्मनीतही ‘नोटार्त्स्ट’, म्हणजे तातडीचा डॉक्टर, वेगळ्या गाडीतून घटनास्थळी पोहोचतो. तेथे सुधारणेची निकड मात्र एका कुटुंबाच्या दुःखातून आली: मे १९६९ मध्ये ब्योर्न श्टायगर हा आठ वर्षांचा मुलगा मोटारीखाली सापडला, वारंवार फोन करूनही मदत यायला जवळजवळ तास लागला, आणि त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानने रस्त्यांवरचे आपत्कालीन दूरध्वनी, रेडिओयुक्त रुग्णवाहिका आणि देशभर एकच क्रमांक यांसाठी सरकारच्या मागे तगादा लावला. डॉक्टरच घटनास्थळी जात असल्यामुळे या दोन्ही देशांत गाडीतल्या बिगर-डॉक्टर कर्मचाऱ्याचा दर्जा दीर्घकाळ साहाय्यकाचाच राहिला. जर्मनीत तीन वर्षांच्या शिक्षणाचा ‘नोटफालझानिटेटर’ हा पेशा कायद्याने आला तो २०१४ साली, आणि डॉक्टर येण्याआधी काही शरीरात शिरणारे उपचार स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची स्पष्ट मुभा त्याला २०२१ मध्ये मिळाली.

जागेवर थांबून उपचार करावेत की उचलून तडक निघावे, हा वाद ३१ ऑगस्ट १९९७ नंतर जगभर पोहोचला, कारण पॅरिसमधील अपघातात सापडलेल्या राजकन्या डायाना यांना रुग्णालयात आणायला दीड तासाहून अधिक वेळ लागला होता. इंग्रजी वृत्तपत्रांनी फ्रेंच पद्धतीवर बरीच आगपाखड केली. प्रत्यक्षात जखम अशी होती की घाई केली असती तर काय झाले असते हे कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही, आणि एका प्रसिद्ध मृत्यूवरून पद्धतीचा निवाडा करणे हे इतिहासाला धरून नाही. त्याहून उपयोगी पुरावा कॅनडातील आहे. ओंटारियो प्रांतातील १७ शहरांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जिथे विजेचा झटका वेळेवर देण्याची सोय आधीच आहे तिथे नळी घालणे आणि शिरेतून औषध देणे यांची भर घातल्याने हृदय बंद पडलेल्यांचे वाचण्याचे प्रमाण वाढले नाही. त्याच प्रकल्पात धाप लागलेल्या रुग्णांना मात्र अशा प्रगत उपचारांचा लाभ झाल्याचे आढळले. म्हणजे अधिकार जितके जास्त तितके चांगले, असे सरळ समीकरण नाही. कोणत्या रुग्णाशी काय करू नये हे जाणणे हेही या पेशाचे कौशल्यच आहे.

अधिकार हप्त्याहप्त्याने कसा मिळतो याचे सर्वांत रेखीव दर्शन जपानमध्ये घडते. तेथे रुग्णवाहिका अग्निशमन दलाची, तीन माणसांची आणि विनामूल्य असते. १९९१ च्या कायद्याने ‘तातडीचा जीवरक्षक’ हा पेशा निर्माण झाला, पण प्रत्येक महत्त्वाच्या कृतीसाठी डॉक्टरचा प्रत्यक्ष आदेश आवश्यक होता. २००१ साली अकिता शहरातील कर्मचारी कायद्याने मनाई असतानाही रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालत असल्याचे उघड झाले आणि देशभर गदारोळ उठला. शिस्तभंग की जीवरक्षण, या चर्चेतून मार्ग निघत गेला: आदेशाविना विजेचा झटका देण्याची मुभा २००३ मध्ये, नळी घालण्याची २००४ मध्ये आणि ॲड्रिनलिन देण्याची २००६ मध्ये मिळाली, अर्थात प्रत्येक पायरीवर वेगळ्या प्रशिक्षणाची अट घालूनच. ब्रिटनमध्ये डॉ. डग्लस चेंबरलेन यांनी ब्रायटन येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णवाहिकेच्या चालक-परिचरांना हृदयोपचार शिकवण्यापासून जो प्रवास सुरू झाला तो याहून दूर गेला. तेथे पॅरामेडिक ही कायद्याने संरक्षित, नोंदणीकृत उपाधी आहे, शिक्षण विद्यापीठात होते, आणि प्रगत पात्रता असलेल्यांना २०१८ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचाही हक्क आहे.

कराचीत मात्र कायद्याचा नव्हे तर उचलण्याचाच प्रश्न होता. काठियावाडातील बांटवा येथे जन्मलेले आणि फाळणीनंतर कराचीला गेलेले अब्दुल सत्तार ईधी यांनी १९५० च्या दशकात एका जुन्या मोटारीपासून सुरू केलेली सेवा जगातील सर्वांत मोठ्या स्वयंसेवी रुग्णवाहिका ताफ्यांपैकी एक झाली. तिच्या गाड्यांत प्रगत उपकरणे नव्हती. दंगलीत, स्फोटात, गटारात सापडलेला देह कोणाचा आहे हे न विचारता उचलणे, आणि बेवारस असेल तर न्हाऊ घालून दफन करणे, एवढेच तिचे चालक करत. पॅरामेडिकच्या तांत्रिक व्याख्येत ते बसत नाहीत, पण लारेच्या दंडकाला ते अनेक सुसज्ज सेवांपेक्षा अधिक जवळ आहेत.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि तिने अमेरिकी वळणाचा, डॉक्टर नसलेला प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडीत बसवला. गोव्याने ती २००८ मध्ये स्वीकारली. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांनिशी आपली सेवा आरंभली तेव्हा मात्र निराळा निर्णय घेतला: प्रत्येक गाडीत डॉक्टर. एवढे एमबीबीएस डॉक्टर मिळणे शक्य नसल्यामुळे या जागा बहुतांशी बीएएमएससारख्या पदव्या असलेल्यांनी भरल्या, म्हणजे फ्रान्सने अतिदक्षता विभागातील तज्ज्ञासाठी आखलेल्या आसनावर महाराष्ट्रात आयुर्वेदाचा पदवीधर आणीबाणीच्या वैद्यकाचे अल्प प्रशिक्षण घेऊन बसला. या तडजोडीवर टीका करणे सोपे आहे, परंतु गडचिरोली, मेळघाट वा पालघरच्या ज्या पाड्यांतून गरोदर बाईला आजही झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथे रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीत बाळंतपण उरकणाऱ्या या डॉक्टरने आणि ‘पायलट’ म्हणवल्या जाणाऱ्या चालकाने जे साधले आहे ते कोणत्याही नमुन्यात बसवण्याचे कारण नाही. पायलट हा शब्द सेवेत सर्रास रुळला असला, तरी स्ट्रेचरचे दुसरे टोक धरणे, टॉर्च धरणे, नातेवाइकांना आवरणे ही कामे त्याच्याच वाट्याला येतात आणि त्यांची नोंद कोणत्याही पदनामात नाही.

रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञ आणि पॅरामेडिक यांना भारतात देशव्यापी कायद्याने ओळख दिली ती संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली संमत झालेल्या राष्ट्रीय आयोग कायद्याने, ज्याच्या अनुसूचीत या पेशाचे नाव आले आहे. नाव येणे आणि अधिकार येणे यांमध्ये ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत बरीच वर्षे गेली, आणि जपानने तर प्रत्येक सुईचा हिशेब वेगळा मागितला. झटका, नळी आणि सुई यांपैकी काय, किती शिक्षणानंतर आणि कोणाच्या आदेशाने, याची भारतीय यादी ठरवण्याचे काम त्या कायद्याखाली स्थापन होणाऱ्या परिषदांकडे आहे.